भिंतीला खांदा लावून चालणारा माणूस

कथेतला माणूस कसा तयार होतो, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. दोन-तीन कॉलेजांत बोलायला बोलावलं होतं, तेव्हाही अनुभव, निरीक्षण, कल्पना असे शब्द वापरून मी वेळ मारून नेली. खरं उत्तर मला ठाऊक आहे. मी एक माणूस तयार केला होता आणि तो कसा केला ते मला एकेक दिवसासकट आठवतं. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगायला लागलो की अजून भीती वाटते.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी मुलुंडला राहायचो आणि साकीनाक्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. पंपांना लागणारे सुटे भाग तिथे बनायचे. रविवारी सकाळी मात्र मी दादरला गाडी बदलून बोरिवलीला जायचो. तिथल्या एका वाचनालयात कथालेखनाचा वर्ग भरत असे. वर्ग घेणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि आम्ही सात-आठ जण शाळकरी पोरांसारखे वह्या घेऊन बसायचो.

त्यांनी माझ्या दोन कथा वाचल्या आणि परत दिल्या. म्हणाले, "तुमचा माणूस बोलतो फार. पण तो खुर्चीवरून उठून दारापर्यंत कसा जातो, हे मला कळलं नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. मग त्यांनी आपली रीत सांगितली. नाव बदला, गाव बदला, धंदा बदला, पण खऱ्या माणसाची एक सवय जशीच्या तशी ठेवा. त्या सवयीवर तो उभा राहील. उभा राहिला की त्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याच्यासमोर त्याला नेऊन सोडा. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. परत येताना वाटेत मला जाणवलं की असा माणूस रोज दुपारी माझ्यासमोर डबा उघडून बसतो.

त्यांना सगळा कारखाना काका म्हणायचा. मालवणकडचे, छप्पन्न वर्षांचे. तयार झालेले पितळी बुश तपासणं हे त्यांचं काम. बुश म्हणजे बोटभर लांबीची, आरपार भोक असलेली नळी. काका व्हर्निअर लावून माप घ्यायचे, अंगठ्याच्या नखाने कड चाचपायचे आणि चांगला एका ट्रेमध्ये, वाईट दुसऱ्यात. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर चाळीत दोन खोल्या होत्या. बायको वारलेली, एकच मुलगी, ती शिक्षिकेचा कोर्स करत होती. मला ते "मेल्या" म्हणायचे आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचे.

एका दुपारी कॅन्टीनमधली माणसं उठून गेल्यावर त्यांनी खिशातून एक बुश काढला आणि माझ्या डोळ्याला लावला. दुसरा डोळा मिटायला लावला.

"काय दिसतं?"

मी म्हटलं, समोरचा नळ दिसतो.

"बाजूचं काय दिसतं?"

बाजूचं काहीच दिसत नव्हतं. काका म्हणाले, "माका इतक्याच दिसता. दोन्ही डोळ्यांनी."

काचबिंदू. सायनच्या डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, थेंब घालून राहिलेलं टिकवायचं. कारखान्यात दर वर्षी डोळे तपासायचे, पण तिथे समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची असत आणि समोरचं त्यांना अजून दिसत होतं. त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी निभली की झालं, असं ते म्हणत. मुलीला त्यांनी सांगितलं नव्हतं. कळलं तर ती कोर्स सोडून मिळेल ती नोकरी धरेल, याची त्यांना कारखान्यापेक्षाही जास्त भीती होती. मला सांगितलं, कारण संध्याकाळी उजेड कमी झाला की व्हर्निअरवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. स्टोअरच्या चिठ्ठ्या घेऊन मी त्यांच्या टेबलाजवळ जायचो आणि हळूच आकडे वाचून द्यायचो.

चालताना ते उजवा खांदा भिंतीला टेकवून चालत. कारखान्यात मधोमध जायला-यायला पिवळे पट्टे मारलेले होते, त्या वाटेवरून ट्रॉल्या जायच्या. काका त्या वाटेने कधी जात नसत. भिंतीला शर्ट घासत, पावलं मोजत, टेबल ते कॅन्टीन, कॅन्टीन ते गेट. बाकीच्यांना वाटायचं म्हातारा जरा वाकलाय. त्यांच्या सगळ्या शर्टांचा उजवा खांदा विरलेला होता.

मी ही सवय निवडली.

त्यानंतर दोन महिने मी त्यांना पाहत होतो. पाहत होतो म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॅन्टीनच्या दारात एक पायरी होती. एके दिवशी तिथे कोणीतरी तेलाचा रिकामा डबा ठेवला. काका येत होते. मी चार हातांवर होतो, मला डबा दिसत होता. मी ओरडायला हवं होतं. मी पाहत राहिलो. पाय आधी कोणता लागतो, हात कुठे जातो, तोंडावर काय येतं. पाय डब्याला लागला, ते पुढे गेले, चौकट धरली आणि सावरले. मग पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे हसले, कोणी पाहिलं असेल तर त्याच्यासाठी. मी स्टोअरमध्ये जाऊन ते हसणं लिहून काढलं. चांगलं जमलं होतं. मला आनंद झाला होता, हे मला लपवता येणार नाही.

कथेत मी त्यांना शिंपी केलं. मालवणऐवजी सोलापूर, घाटकोपरऐवजी नुसतंच एक शहर. मुलीच्या जागी मुलगा. भिंत आणि खांदा तसाच ठेवला, ते हसणंही ठेवलं. शेवटी मालक त्याला सर्वांसमोर सुईत दोरा ओवायला सांगतो आणि शिंपी पकडला जातो. बोरिवलीच्या वर्गात मी ती वाचली. शिक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आता तुमचा माणूस दारापर्यंत गेला. त्यांनीच ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली आणि ती छापून आली.

भीती सुरू झाली ती अंक हातात आल्यावर. छापलेलं वाचताना मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचत होतो, आमच्या फोरमनच्या. सोलापूर, शिंपी, मुलगा हे सगळं कागदासारखं गळून पडत होतं आणि खाली काका उभे होते, खांद्यावर विरलेल्या शर्टासकट.

आमच्या कारखान्यात कामगारांचं छोटं वाचनालय होतं. दिवाळीला सात-आठ अंक यायचे, प्रत्येक अंकात पहिल्या पानावर एक कागद डकवलेला असे आणि त्यावर नावं. एकाने चार दिवस वाचायचा, सही करायची, पुढच्याला द्यायचा. वाचनालय सांभाळणारा गृहस्थ उत्साही होता. त्याने गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं की आपल्या स्टोअरमधल्या अमुक यांची कथा अमुक अंकात आली आहे, सर्वांनी वाचावी. सकाळी आत येताना मी तो फळा पाहिला. मागून काकांचा हात पाठीवर पडला. "मेल्या, लेखक झालास काय? आणि माका बोललंस नाय?"

मी काहीतरी पुटपुटलो.

अंकातल्या कागदावर फोरमनचं नाव तिसरं होतं. हा माणूस दिवाळी अंक पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचायचा. पहिल्या दोघांच्या सह्या झाल्या त्या दिवशी मी अंक मागून घेतला आणि स्टोअरमध्ये वॉशरच्या खोक्यामागे लपवला. हा शहाणपणा माझा. दोन दिवसांनी फळ्यावर लिहून आलं की लेखकाची कथा असलेला अंक गहाळ आहे, सापडल्यास आणून द्यावा. आता ज्यांनी आयुष्यात कथा वाचली नव्हती तेही विचारायला लागले, काय रे बाबा, असं काय लिहिलंस त्यात? फोरमन स्टोअरच्या खिडकीत आले आणि म्हणाले, लेखकाकडे स्वतःची प्रत असतेच, ती द्या. दुसऱ्या दिवशी मी घरची प्रत आणून दिली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते आता सांगता येत नाही. फोरमनच्या काचेच्या केबिनमध्ये टेबलावर अंक दिसायचा. आज तो उघडा आहे का, कितव्या पानावर आहे, यासाठी मी दिवसातून चार वेळा नसलेल्या कामाला तिकडून जायचो. ते केबिनबाहेर येऊन काकांच्या टेबलाकडे वळले की मी हातातलं काम टाकून बघत राहायचो. आता ते म्हणणार, काका, जरा हे वाचून दाखवा. मीच लिहिलेला प्रसंग माझ्यासमोर घडणार, याची मी वाट पाहत होतो. काकांना सावध करावं असं रोज वाटायचं. पण सावध करायचं म्हणजे काय केलं ते सांगायचं. मी सांगितलं नाही. आकडे वाचून द्यायला मात्र जात राहिलो. त्यांच्या कानाशी वाकलो की आपण कोणाचा तरी खिसा चाचपतोय असं वाटायचं.

मग एका सोमवारी काका कॅन्टीनला आले ते पिवळ्या पट्ट्यांच्या मधून.

भिंत सोडून, मान ताठ ठेवून, हात अंगाला चिकटवून. मला आधी समजलंच नाही. ते माझ्यासमोर बसले, डबा उघडला नाही. मी विचारलं, आज मधून कसे आलात?

मग त्यांनी सांगितलं. आपल्या माणसाची कथा छापून आली म्हणून त्यांनी घाटकोपरच्या दुकानातून अंक विकत आणला होता. बारीक अक्षर झेपत नाही, वय झालं, असं सांगून मुलीला वाचायला बसवलं. तिने हौसेने सुरुवात केली. शिंपी दुकानातून बाहेर पडला आणि भिंतीशी गेला, तिथपर्यंत ती भराभर वाचत होती.

"थांबली," काका म्हणाले. "मी म्हटलं, वाच ना गो. तर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, बाबा, जिन्यात तुमचा शर्ट भिंतीला घासतो, तो आवाज मी रोज ऐकते."

मी खाली पाहत होतो.

"मग शेवटपर्यंत वाचली. रडत रडत वाचली. मी नको म्हटलं तरी."

मी माफी मागितली असेल. काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी ते ऐकलं नाही, त्यांना दुसरंच विचारायचं होतं. आवाज चढवला नाही, शिवीही दिली नाही.

"तो सुईदोरा कित्याक रे दिलास त्याच्या हातात? दोन वर्षं काढू द्यायची होतीस त्याला. तुझं काय जात होतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. वहीत लिहिलेलं होतं. ते मी त्यांना कसं सांगणार?

उठताना मी त्यांचा हात धरून भिंतीकडे न्यायला गेलो. त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, आता सगळ्यांनी वाचलंय, भिंतीने गेलो की लोक म्हणतील, तो बघा शिंपी चालला. मी शपथेवर सांगितलं की कोणाच्या काही लक्षात आलेलं नाही. "तुझ्या आलं होतं ना?" असं म्हणून ते मधल्या वाटेने निघून गेले.

त्या दिवसापासून मी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज ऐकत बसायचो. स्टोअरमध्ये चिठ्ठी लिहितानाही तो आवाज आला की हात थांबायचा. ट्रॉली ओढणाऱ्यांना मी सांगितलं, काकांचे गुडघे दुखतात, जरा बघून जा. त्यांनी हो म्हटलं. दहा-बारा दिवस काही झालं नाही. काका पावलं मोजत मधून येत, मधून जात. कपाळावर घाम असायचा. डिसेंबर होता तरी.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी खिडकीत होतो. लेथच्या रांगेतून डावीकडून ट्रॉली आली, तिच्यावर लांब सळ्या होत्या. ओढणाऱ्याने हाळी दिली. काकांना हाळी ऐकू आली, पण कोणत्या बाजूने ते कळलं नाही. ते थांबले. थांबून त्यांनी तोंड उजवीकडे वळवलं. सळ्यांनी त्यांना मांडीच्या वर फटका मारला आणि ते पडले. मी धावलो तेव्हा ते जमिनीवर हात फिरवून चष्मा शोधत होते. तो त्यांच्या गुडघ्याजवळच होता. आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती आणि सगळ्यांनी ते पाहिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अंधेरीच्या इस्पितळात हाड बसवलं आणि दिवसाढवळ्या सरळ वाटेवर हा माणूस ट्रॉलीपुढे आला कसा, म्हणून डॉक्टरांनी डोळेही तपासले. त्या तपासणीचा कागद कारखान्यात आला.

फोरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आली वेळ. माझा अंक टेबलावर होता. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, गोष्ट वाचली, तुमचा शिंपी अगदी हुबेहूब, आमच्या साताऱ्याच्या गल्लीत असाच एक होता, तुम्ही त्याला कुठे पाहिलंत? त्यांच्या आवाजात खरं कौतुक होतं. काकांचा आणि त्या शिंप्याचा संबंध त्यांच्या मनाला शिवला नव्हता. नंतर कळलं, वाचनालयवाल्यालाही त्याचा मामा आठवला होता. ज्याने त्याने आपापला माणूस त्यात बघितला होता. मी महिनाभर चुकीच्या वाचकांना घाबरत होतो.

मग त्यांनी काकांचा कागद पुढे केला. तुम्ही रोज एकत्र जेवायचात, तुम्हाला डोळ्यांचं माहीत होतं का?

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो, विचार न करता. हो म्हटलं असतं तर मी वाचून दिलेल्या मापांचा प्रश्न आला असता. आपली नोकरी जाईल एवढंच त्या क्षणी डोळ्यांसमोर होतं.

काकांना कामावरून कमी केलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

जानेवारीत एका रविवारी मी बोरिवलीला न जाता घाटकोपरला गेलो. टेकडीच्या पायऱ्या चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. दार मुलीने उघडलं. मी नाव सांगितलं, तशी ती बाजूला झाली, या म्हणाली. काका खाटेवर बसले होते. तिने आत येऊन आधी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "बाबा, ते लेखक आलेत. नीट बसा." काकांनी पाठ ताठ केली. गुडघ्यांवरची चादर ओढून त्यांनी दोन्ही हात आत घेतले.

मी विचारलं, ती सांगत राहिली. कोर्स सोडला होता. अंधेरीला एका कचेरीत सोमवारपासून जाणार होती. काका मधेच म्हणाले की कारखान्यातून साहेब विचारायला आला होता, स्टोअरवाल्याला डोळ्यांचं माहीत होतं का म्हणून.

"मी सांगितलं, त्याला काय एक माहीत नव्हतं."

ते माझ्या दिशेने बघत होते, पण नजर माझ्या कानाच्या थोडी बाहेर होती.

मुलीने चहा आणला. एक कप मला दिला, एक काकांच्या जवळ स्टुलावर ठेवला आणि कुठे ठेवला ते त्यांना सांगितलं नाही. काकांनी हात बाहेर काढले नाहीत. चहा घ्यायचा तर स्टूल चाचपायला लागणार होतं, कपाचा कान शोधायला लागणार होता, आणि मी समोर बसलो होतो. मी म्हटलं, काका, चहा निवतोय. ते म्हणाले, "घेईन रे. तू घे. तू गेल्यावर घेईन."

मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी चटका सोसत कप संपवला आणि उठलो.